पावसाचे माप आणि नेतृत्वाचे धडे

‘नेतृत्व’ हा शब्द कानांवर पडला की आपल्या मनासमोर प्रथम उभे राहते ते व्यासपीठ. त्यावर ध्वनिक्षेपक, हारतुरे, आणि ‘मित्रहो’ म्हणून सुरुवात करणारा एखादा धीट वक्ता. ‘तंत्रज्ञान’ या शब्दाची गतही फारशी वेगळी नाही. तो उच्चारला की आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्याने विज्ञान शाखेच्या इमारतीकडे बोट दाखवून मोकळे व्हावे, अशी जणू रूढीच पडली आहे. माझ्या वाट्याला मात्र या दोन्ही गोष्टी माध्यमिक शाळेत असताना एकाच शंभर पानी वहीतून आल्या. ती वही पावसाच्या नोंदीची होती. ती कशी ठेवली जाते, तिच्यातून पुढारीपण कसे शिकायला मिळते आणि ते भाषण-स्पर्धेतून मिळणाऱ्या पुढारीपणाहून निराळे का असते, हे समजावून सांगण्याचा हा एक प्रयत्न आहे.

आणखी एक गोष्ट आधीच नमूद करते. ज्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, त्या घरात अर्ज कसा लिहावा, चारचौघांत आपले म्हणणे कसे मांडावे, वडीलधाऱ्यांना नाही म्हणायचे तर कोणत्या शब्दांत म्हणावे, हे सांगणारे कोणी नसते. आईवडिलांची माया कमी असते असे नव्हे. पण त्यांनाच ते कोणी सांगितलेले नसते. अशा मुलामुलींना शाळेतून पुस्तकाबाहेरचे जे मिळेल तेच आणि तेवढेच मिळते. म्हणून शाळेत ‘उपक्रम’ या नावाखाली काय चालते, हा प्रश्न मला वरवरचा वाटत नाही.

आठवीत असताना, म्हणजे २०१९ साली, आमच्या शाळेत मंत्रिमंडळाची निवडणूक झाली. ती मोठी झोकात झाली. सरांच्या मोबाईलवर मतदान यंत्रासारखे दिसणारे एक अॅप होते. उमेदवाराच्या चिन्हावर बोट ठेवले की ‘पीऽऽ’ असा लांब आवाज येई आणि सारा वर्ग हसे. मी स्वच्छतामंत्री म्हणून निवडून आले. छातीवर बिल्ला आला, फळ्यावर नाव आले. झाडलोटीची पाळी मात्र पूर्वीप्रमाणेच वर्गशिक्षक लावीत, आणि झाडणाऱ्या मुलीही पूर्वीच्याच राहिल्या. वर्षभरात मंत्री या नात्याने मी एक घोषणा दिली आणि स्वातंत्र्यदिनी रांगेत पुढे उभी राहिले. मतदान कसे होते ते त्या निवडणुकीने छान शिकवले, हे मान्यच केले पाहिजे. पण निवडून आल्यावर करायचे काय, तो धडा त्या अभ्यासक्रमात नव्हता.

पुढे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि नववीचे बरेचसे वर्ष घरातच सरले. दहावीची सुरुवातही तशीच झाली. जून २०२१ मध्ये आमच्या भूगोलाच्या सरांनी फोनवर निरोप धाडला की वर्ग भरवता येत नाही, पण शाळेचे आवार उघडे आहे आणि पाऊस काही कोणाची परवानगी मागत नाही. तेव्हा आपण पाऊस मोजू.

पाऊस मोजणे म्हणजे काय, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. ‘आज पन्नास मिलिमीटर पाऊस झाला’ असे बातम्यांत ऐकायचे, पण मिलिमीटर हे तर लांबीचे माप. पाणी त्याने कसे मोजायचे? सरांनी समजावले ते असे. पडलेले पाणी वाहून न जाता, न मुरता, न आटता सपाट जमिनीवर जागच्या जागी साचून राहिले असते, तर त्याची उंची किती झाली असती, तो आकडा म्हणजे पाऊस. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी झाले. एकरावर तोच एक मिलिमीटर चार हजार लिटरांहून अधिक भरतो. हा हिशेब कळला तेव्हा आभाळाकडे पाहण्याची माझी दृष्टीच पालटली.

आमचे यंत्र अगदी साधे होते. १६ सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे, दोन लिटरची शीतपेयाची रिकामी बाटली, आणि ती बसेल असा तेलाचा पत्र्याचा डबा. १६ सेंटिमीटरच का, याला कारण आहे. तेवढ्या तोंडाचे क्षेत्रफळ जवळजवळ २०० चौरस सेंटिमीटर भरते, आणि मग एक मिलिमीटर पावसाचे पाणी बरोबर २० मिलिलिटर होते. प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात पाणी ओतायचे, आलेल्या आकड्याला वीसने भागायचे, की झाले. हवामान खात्याच्या पर्जन्यमापकातही २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचा एक प्रकार असतोच. डबा निम्मा जमिनीत पुरला. नरसाळ्याची कड जमिनीपासून एक फूट वर ठेवली, नाहीतर खाली आपटून उडालेले थेंबही आत जातात. जागा लिंबाच्या झाडापासून आणि इमारतीपासून दूर घेतली. अडथळा जेवढा उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर हवे. बाटलीची मान अरुंद असल्यामुळे उन्हाने पाणी फारसे आटत नाही. या साऱ्याचा खर्च नरसाळ्यापुरताच झाला. शेळ्या येऊ नयेत म्हणून भोवती काट्या लावल्या, त्या फुकट मिळाल्या.

यंत्र उभे राहायला एक दुपार लागली. ते चालते ठेवायला मात्र माणसे लागतात, आणि खरी शाळा तेथून सुरू झाली.

नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यायची असते. देशभर हवामान खात्याची पावसाची मोजणी याच वेळेला होते, त्यामुळे आपला आकडा इतरांशी ताडून पाहता येतो. रोज म्हणजे रविवारी, पोळ्याला आणि गौरी-गणपतीतही. मला नोंदप्रमुख नेमण्यात आले, त्याचे कारण एवढेच की आमचे घर शाळेजवळ होते. वर्गात आम्ही ३१ जण. त्यांपैकी ९ जण तीन किलोमीटरवरच्या तांड्यावरचे. साडेआठच्या वेळेला मुली पाणी भरण्यात किंवा खुरपणीला निघण्याच्या घाईत, मुलगे जनावरांमागे. कागदावर पाळ्या लावणे सोपे होते, पण पहिल्या आठवड्यातच कळले की ज्याला येणे शक्य नाही त्याचे नाव लिहून ठेवणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. मग मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तुझ्या घरी सकाळी साडेआठला तू काय करीत असतोस? आमच्या वर्गात कोण काय काम करते हे आठ वर्षे एका बाकावर बसूनही मला माहीत नव्हते. ते त्या एका प्रश्नाने कळले. तांड्यावरच्या नऊ जणांनी तेथेच दुसरे नरसाळे बसवण्याची कल्पना काढली. ती माझी नव्हती, सरांचीही नव्हती. आणि ती निघाल्यावर एक मौज दिसली, ती अशी की तीन किलोमीटरच्या अंतरात पाऊस एकसारखा पडत नाही. कित्येक दिवस शाळेत बारा तर तांड्यावर दोन, किंवा त्याच्या उलट.

जोड्या लावताना आणखी एक अडचण आली. मुलगा आणि मुलगी अशी जोडी घरच्यांना रुचेना. तेव्हा शेजारशेजारच्या घरांतल्या दोन-दोन मुली किंवा दोन-दोन मुले अशी व्यवस्था केली. त्यातून एक अनपेक्षित लाभ झाला. विज्ञान प्रदर्शन म्हटले की तारा जोडायच्या मुलांनी आणि भोवती रांगोळी काढायची मुलींनी, ही आपल्याकडची वहिवाट; येथे मात्र जोडीत दोघी मुलीच असल्यामुळे मोजपात्र दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्याचा प्रश्नच उरला नाही. मोजपात्रात पाण्याचा पृष्ठभाग कडेला चढलेला आणि मध्ये खोलगट दिसतो. डोळे पाण्याच्या पातळीला आणून त्या खोलगट भागाचा तळ वाचावा लागतो. वर्गात वर्षानुवर्षे तोंड न उघडणारी आमची एक मैत्रीण हे काम इतके नेमके करी की वाद पडला की सारे तिलाच बोलावीत. तिला कोणी निवडून दिले नव्हते.

नोंदीचे नियम हळूहळू ठरत गेले. दोघांनी पाणी वेगवेगळे मोजायचे आणि दोघांचे आकडे कागदावर उतरेपर्यंत एकमेकांना सांगायचे नाहीत. दोन मिलिमीटरांहून जास्त फरक पडला तर पुन्हा ओतायचे. पाणी ओतण्यापूर्वी बाटलीचा फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायचा. पाऊस नसेल तर ‘०’ लिहायचे. कोणी आलेच नाही तर ‘नोंद नाही’ असे लिहायचे, शून्य नव्हे. या शेवटच्या नियमावर सरांचा फार कटाक्ष होता. शून्य म्हणजे मी पाहिले आणि पाऊस नव्हता. रिकामी जागा म्हणजे मी पाहिलेच नाही. या दोहोंतला फरक पुसला की सारी वही निकामी होते, असे ते म्हणत. पुढे संगणकाच्या तासाला आम्ही जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस तक्त्यात भरून त्याचा स्तंभालेख काढला, तेव्हा त्या ‘नोंद नाही’च्या सात जागा तशाच मोकळ्या ठेवल्या. दिसायला त्या दात पडल्यासारख्या दिसत होत्या खऱ्या!

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येते. आपल्या राज्यात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरली जाते, आणि पिकांच्या नुकसानभरपाईच्या प्रश्नात या आकड्याला फार महत्त्व येते. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे मंडळवार उभी राहिली आहेत. मंडळाचा आकडा तेथून येतो. पण एका मंडळात अनेक गावे, आणि ढग काही मंडळाच्या हद्दी पाहून बरसत नाहीत, हे आमच्या दोन नरसाळ्यांनीच आम्हांला दाखवले होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये मराठवाड्यावर पाऊस कोसळला. महिनाअखेरीस ‘गुलाब’ चक्रीवादळाचे अवशेषही आपल्यावरूनच गेले. त्या महिन्यातल्या एका पहाटे आमच्या ओढ्याला पूर आला, कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या सुड्या भिजल्या, सखल रानांत गुडघाभर पाणी साचले. सकाळी आमचे १०० मिलिलिटरचे मोजपात्र बारा वेळा पूर्ण भरले आणि तेराव्या वेळी २० वर थांबले. १२२० भागिले वीस, म्हणजे ६१. दुसरीचाही आकडा ६१ च आला. एकरी सुमारे अडीच लाख लिटर पाणी, पण पासष्टला चार कमी.

दहाच्या सुमारास गावातली आठ-दहा मंडळी शाळेत आली. अर्जासोबत शाळेच्या वहीच्या पानाचा फोटो जोडायचा, असा त्यांचा विचार होता. ‘माय, सत्तर लिव,’ त्यांच्यातले एक आजोबा मला म्हणाले, ‘तुझ्या हातचं हाय. साऱ्या गावाचं भलं हुतंय.’ त्या मंडळींत माझे वडीलही होते. आमचे दीड एकर सोयाबीन त्याच पाण्यात होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. गावच्या वडीलधाऱ्यांनी काही मागावे आणि पंधरा वर्षांच्या पोरीने नाही म्हणावे, असे आमच्याकडे घडत नसते.

मी फार धैर्याने वागले असे कोणी समजू नये. मी एवढेच सांगितले की आजोबा, पाणी ओतण्याआधीचा फोटो सकाळी आठ चौतीसला गटावर गेला आहे, तो एकोणतीस घरांनी पाहिला असेल. दोघींच्या दोन सह्या आहेत. आणि तांड्याची वही वेगळी आहे, तिच्यात ५४ आहे. मी सत्तर केले तरी ते टिकायचे नाही, उलट आपली बाकीची वहीही खोटी ठरेल. हे खरे होते, आणि ते सांगायला मला वादही घालावा लागला नाही. सर शेजारी उभे होते. ते म्हणाले, या वहीला सरकारी मान्यता नाही, पण तिच्यातला शेऱ्याचा रकाना वाचा. त्या रकान्यात माझ्या जोडीदारणीने लिहिले होते : पाऊस पहाटे तीन ते पाच, ओढ्याचा पूल पाण्याखाली, शाळेच्या पूर्वेच्या रानात पाणी साचले. अर्जात ६१ हाच आकडा गेला, सोबत तो शेरा गेला, आणि साचलेल्या पाण्याचे वेळ नोंदलेले फोटो गेले. पुढे पंचनामे झाले. त्यात आमच्या वहीचा वाटा किती, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. त्या रात्री जेवताना वडिलांनी फक्त विचारले की तांड्यावर ५४ च का.

या प्रसंगाचा मी नंतर पुष्कळ विचार केला. त्या दिवशी माझ्या जागी अधिक भित्री मुलगी असती तरी आकडा बदलला नसता, कारण तो बदलणे एकट्या कोणाच्या हातात ठेवलेलेच नव्हते. नेतृत्वाचा हा भाग भाषणांत कधी ऐकायला मिळत नाही. पुढाऱ्याच्या चांगुलपणावर सारे सोपवून मोकळे होण्याऐवजी, त्याचा पाय घसरू लागला तरी काम सरळ राहील अशी घडी आधीच बसवून ठेवायची. दोन सह्या, दोन वह्या आणि आठ चौतीसचा फोटो ही ती घडी. आमच्या स्वच्छता मंत्रालयाकडे बिल्ला होता, पण अशी घडी नव्हती.

हेच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर आपल्याच जिल्ह्यात येऊ घातले आहे. औंढा नागनाथला आपण ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जातो; त्याच तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी व्हायची आहे. तिला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून धावणारे लेसर किरण, आणि प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान असा लांबीतला फरक टिपण्याची ही खटपट! अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत, एकमेकींपासून सुमारे ३,००० किलोमीटरांवर. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लुइझियाना राज्यातील लिव्हिंग्स्टनच्या यंत्राने लहर टिपली आणि सात सहस्रांश सेकंदांनी वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्डच्या यंत्राने तीच लहर टिपली. एकाच यंत्राने टिपले असते तर त्यावर भरवसा ठेवणे अवघड होते; शेजारून गेलेल्या मालमोटारीनेही यंत्र हालते.

त्याहून मला भावली ती त्यापूर्वीची एक हकीकत. सप्टेंबर २०१० मध्ये लायगोच्या यंत्रांत एक खोटा संकेत मुद्दाम गुपचूप घालण्यात आला. असे कधीतरी केले जाईल हे सर्वांना माहीत होते, पण केव्हा ते मोजक्याच माणसांना. शेकडो शास्त्रज्ञ महिनोन्‌महिने त्या संकेतावर राबले, शोधनिबंधही लिहून तयार झाला, आणि मार्च २०११ मध्ये लिफाफा उघडल्यावर कळले की ती परीक्षा होती. स्वतःच्या हर्षावरही पहारा बसवणारी ही माणसे! आपल्या गावांतल्या मुलांना अशा ठिकाणी केवळ फाटकावरची नोकरी मिळू नये असे वाटत असेल, तर तयारी बारावीनंतर सुरू करून भागणार नाही.

कोणी म्हणेल, हा एका हौशी शिक्षकाचा खेळ झाला. सगळ्या शाळांतून असे कसे व्हायचे? याला उत्तर पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे आहे. मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील या पाऊस कमी असलेल्या गावी ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. त्यांनी माध्यमिक शाळेसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम बसवला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग. आठवडाच्या वेळापत्रकातच त्याला जागा. मुलगे आणि मुली दोघांनीही सारे शिकायचे, म्हणजे मुलीने वेल्डिंग करायचे आणि मुलाने स्वयंपाकघरातले पोषणही शिकायचे. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला मान्यता दिली.

यातली माझ्या मते सर्वांत शहाणपणाची गोष्ट ही की मुलांनी केलेले काम खऱ्या गावकऱ्याच्या खऱ्या उपयोगाचे असावे, असा तेथे आग्रह आहे. माती तपासून द्यायची, दुरुस्ती करून द्यायची, आणि त्याचा खर्च-हिशेब मांडायचा. प्रदर्शनात ठेवलेली प्रतिकृती चालली नाही तर परीक्षक दोन गुण कमी देतो. शेतकऱ्याला चुकीचा आकडा दिला तर त्याचे खत वाया जाते. मुलाला ही दुसरी जबाबदारी अगोदर पेलू द्यावी की पहिली, यावर आपल्या शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांनी कधी एक चर्चासत्र घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. २००२ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटी या विख्यात संस्थेच्या साहाय्याने चालणाऱ्या ‘फॅब लॅब’ या कार्यशाळांपैकी एक आरंभीची कार्यशाळा पाबळलाच निघाली. डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. आश्रमाचे काम चालू राहिले आहे.

दहावीच्या परीक्षेआधी, २०२२ च्या मार्चमध्ये, मी वही नववीतल्या दोन मुलींच्या स्वाधीन केली. उन्हाळ्यात पाऊस नसतोच, तर रोज जाऊन शून्य लिहायचे का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हटले. अवकाळी गारपीट काही कळवून येत नाही.

महाविद्यालयात आल्यापासून मी भूगोल विभागाच्या आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्राध्यापकांजवळ हा विषय दोनदा काढला आहे. खर्चाचा प्रश्न नाही. नरसाळे मी घेऊन येईन, बाटल्या उपाहारगृहात मिळतात. साडेआठच्या नोंदीसाठी वसतिगृहातल्या सहा जणांनी होकार दिला आहे, त्यांत चौघे कला शाखेचेच. जागाही मी पाहून ठेवली आहे : वाचनालयाच्या मागे, कुंपणाच्या अलीकडची उघडी पट्टी. गच्चीवर लावू नये, तेथे वारा पावसाला उडवून नेतो. फक्त त्या पट्टीत कोणी सायकली आणि दुचाक्या लावू नयेत, एवढी एक सूचना फलकावर लागली तर जूनच्या पहिल्या तारखेपासून आरंभ करता येईल.